अवकाश मोहिमेचा खर्च वाढला, पण कुठून मोजला? : वाचकांचे प्रश्न

अवकाश मोहिमांच्या वाढलेल्या खर्चाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. अब्ज म्हणजे शंभर कोटी, असं सगळीकडे धरलं आहे. डॉलरचे आकडे त्या त्या वेळी जाहीर झाले तसेच दिले आहेत, आजच्या किमतीत बदललेले नाहीत.

प्रश्न : जेम्स वेब दुर्बिणीचा खर्च ५० कोटी डॉलरवरून जवळजवळ १० अब्जांवर गेला, म्हणजे वीसपट झाला, असं एका व्याख्यानात ऐकलं. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी मात्र ९५ टक्के वाढ दाखवली आहे. खरं कोणतं धरायचं?
(एक वाचक, नाशिक)

दोन्ही आकडे नोंदलेले आहेत, पण ते वेगवेगळ्या ठिकाणाहून मोजलेले आहेत. ५० कोटी डॉलर हा १९९६-९७ च्या सुमाराचा ढोबळ अंदाज. तेव्हा आराखडा पक्का नव्हता, आरसा आठ मीटरपर्यंतचा असावा अशी कल्पना होती आणि २००७ मध्ये उड्डाण होईल असं बोललं जात होतं. प्रत्यक्षात दुर्बीण झाली ६.५ मीटरची, बेरिलियमच्या १८ षटकोनी तुकड्यांची, आणि अवकाशात उलगडणाऱ्या पाचपदरी सूर्यछत्रीची. त्या जुन्या आकड्याशी तुलना केली की सुरुवातीला स्वप्न किती स्वस्तात विकलं गेलं ते कळतं. प्रकल्प कसा चालवला गेला, ते त्यातून कळत नाही.

ते मोजायचं तर मंजुरीची तारीख पाहावी लागते. नासामध्ये प्राथमिक आराखडा तपासून झाला की एक औपचारिक निर्णय होतो आणि त्यात खर्च आणि उड्डाणाचा महिना यांचं बंधन स्वीकारलं जातं. यालाच बेसलाइन म्हणतात. वेबची बेसलाइन २००९ ची : ४.९६ अब्ज डॉलर, उड्डाण जून २०१४. शेवटचा मंजूर आकडा ९.६६ अब्ज, उड्डाण २५ डिसेंबर २०२१. यातून ९५ टक्के निघतात. आमच्या मते व्यवस्थापन तोलण्यासाठी हाच आकडा योग्य आहे.

पण एक तिसरा आकडाही आहे आणि तो जास्त फसवा आहे. २०११ मध्ये प्रकल्पाची फेरमांडणी होऊन ८.८३५ अब्ज आणि ऑक्टोबर २०१८ अशी नवी बेसलाइन ठरली. तिथून मोजलं तर वाढ जेमतेम ९ टक्के दिसते. दुर्बीण तीच, आणि वाढ वीसपट, ९५ टक्के किंवा ९ टक्के! म्हणून कोणताही टक्का वाचला की आधी विचारावं : कोणत्या तारखेच्या, कितव्या मंजुरीपासून?

दुसरी चौकशी रकमेत काय धरलं आहे याची. वेबच्या ९.६६ अब्जांत उड्डाणानंतरची पाच वर्षं दुर्बीण चालवण्याचा खर्च आहे, पण युरोपने दिलेला एरियान-५ प्रक्षेपक आणि कॅनडाने दिलेलं उपकरण नाही. शनीच्या टायटन या चंद्रावर जाणाऱ्या ड्रॅगनफ्लाय मोहिमेत हा घोळ आणखी स्पष्ट दिसतो. २०१९ मध्ये ती निवडली गेली तेव्हा खर्चाची मर्यादा होती ८५ कोटी डॉलर. एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झाले ३.३५ अब्ज. भागाकार केला तर चौपट. तरी नासा म्हणते की मूळ प्रस्तावाच्या सुमारे दुप्पट, आणि तेही बरोबर आहे. कारण ८५ कोटींच्या मर्यादेत प्रक्षेपक नव्हता, उड्डाणानंतरचं संचालन नव्हतं, शिवाय ती मर्यादा २०१५ च्या किमतींत होती. दुप्पट हीसुद्धा गंभीर वाढ आहेच. पण चौपट म्हणणाऱ्याने दोन वेगळ्या याद्यांची बेरीज समोरासमोर ठेवली आहे.

प्रश्न : गगनयानला २०१८ मध्ये ९,०२३ कोटी मंजूर झाले होते. २०२४ मध्ये ते २०,१९३ कोटी झाले. हा खर्च दुप्पटीहून जास्त फुगला, असं म्हणावं की नाही?
(एक वाचक, कोल्हापूर)

फक्त या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. आणि ‘काहीच फुगलेलं नाही, फक्त काम वाढलं’ असंही म्हणता येत नाही.

डिसेंबर २०१८ च्या मंजुरीत दोन मानवविरहित उड्डाणं आणि एक मानवी उड्डाण होतं. १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ११,१७० कोटींची निव्वळ भर घातली, पण त्याच वेळी कामाची यादीही बदलली. एकूण आठ मोहिमा झाल्या, त्यांत भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग बांधून सोडणं आलं, आणि मुदत डिसेंबर २०२८ झाली. दोन खोल्यांच्या घराचा अंदाज आणि त्यावर मजला चढवल्यानंतरचा अंदाज यांची वजाबाकी करून गवंड्याने किती लुबाडलं हे ठरवता येत नाही, तसंच हे.

तरीही थोडा हिशेब घरबसल्या करता येतो. सोपं गृहीत धरा : महागाई वर्षाला ५ टक्के, काळ सहा वर्षं. १.०५ ला सहा वेळा गुणलं की सुमारे १.३४ येतात. ९,०२३ गुणिले १.३४ म्हणजे साधारण १२,१०० कोटी. हा हिशेब सरकारला झुकतं माप देणारा आहे, कारण २०१८ ते २०२४ मध्ये खर्च होऊन गेलेल्या पैशांवर पुढची महागाई लागत नाही. म्हणजे महागाईने फार तर तीन हजार कोटींची वाढ समजते. उरलेले आठ हजार कोटींहून अधिक दोनच कारणांनी येऊ शकतात : नवं काम, किंवा जुन्याच कामाला लागलेला जास्त वेळ आणि जास्त चाचण्या. मंत्रिमंडळाच्या निवेदनात वाढीव रक्कम एकत्रच दिली आहे. तिची फोड मागणं हा नागरिकाचा हक्क आहे. खासदारांमार्फत तारांकित प्रश्न विचारायचा तर रकाने तीन मागा : किंमतवाढ, व्याप्तीतली वाढ, आणि मूळ व्याप्तीतच वाढलेला खर्च. तिसरा रकाना हा खरा ‘ओव्हररन’.

वेळेबद्दल मात्र शंकेला जागा नाही. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी २०२२ हे लक्ष्य जाहीर झालं होतं. सप्टेंबर २०२४ पर्यंत पहिलं मानवविरहित उड्डाणही झालेलं नव्हतं. माणूस बसवायच्या यानात घाई करू नये, हे आम्हाला मनापासून पटतं. पण त्यासाठी मुळातच चार वर्षांपेक्षा जास्त मुदत मागायला हवी होती.

याच्याशी जोडलेली एक चूक वर्तमानपत्रांत दर फेब्रुवारीत दिसते. अवकाश विभागाचा २०२३-२४ चा अर्थसंकल्पी अंदाज सुमारे १२,५४४ कोटी होता, सुधारित अंदाज सुमारे ११,०७० कोटींवर आला. ही बचत समजू नका. विज्ञान प्रकल्पात सुधारित अंदाज खाली येतो तो बहुधा कामं मागे पडल्यामुळे. ते बिल पुढच्या वर्षांत येतंच.

प्रश्न : मी इमारत बांधकामात आहे. काम थांबलं तर सिमेंट-सळई लागत नाही, मजूर दुसऱ्या साइटवर जातात. मग यानाचं उड्डाण दोन वर्षं पुढे गेलं तर खर्च शेकडो कोटींनी का वाढावा?
(एक वाचक, ठाणे)

कारण इथले मजूर दुसऱ्या साइटवर पाठवता येत नाहीत. यान बनवताना साहित्याचा वाटा लहान असतो, पगाराचा मोठा. सूर्यछत्रीची घडी घालणारे तंत्रज्ञ, चाचणीचे अभियंते, सॉफ्टवेअरची माणसं, स्वच्छ खोलीची हवा आणि वीज, थर्मल व्हॅक्यूम कक्षाचं भाडं : एक झडप अडली तरी हे सगळं चालू राहतं. माणसं सोडली तर परत तशी मिळत नाहीत. वेब दुर्बिणीच्या शेवटच्या वर्षांत उशिराचा खर्च दिवसाला साधारण १० लाख डॉलर धरला जात होता.

२०१८ मध्ये टॉम यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने वेबची जी तपासणी केली ती प्रत्येक प्रकल्प व्यवस्थापकाने वाचावी अशी आहे. प्रणोदन यंत्रणेच्या झडपा चुकीच्या द्रावकाने धुतल्या गेल्या. एका चाचणीत दाबमापक संवेदकांना जास्त व्होल्टेज दिलं गेलं. ध्वनिचाचणीत सूर्यछत्रीच्या आवरणाचे स्क्रू-नट निसटले, आणि मग प्रत्येक तुकडा कुठे गेला ते शोधत बसावं लागलं. काही डॉलरच्या या चुका. समितीच्या हिशेबाने मानवी चुकांची किंमत झाली सुमारे ६० कोटी डॉलर आणि दीड वर्ष. पैसा गेला तो नटांवर नाही, नट शोधेपर्यंत थांबलेल्या माणसांवर.

मंगळाच्या मोहिमांत आणखी एक अडचण असते. पृथ्वी-मंगळ यांची सोयीची स्थिती सुमारे २६ महिन्यांनी येते, त्यामुळे दोन महिन्यांचा उशीर झाला तरी थेट २६ महिने थांबावं लागतं. क्युरिऑसिटी रोव्हरचं तेच झालं. चाकं आणि हात फिरवणाऱ्या ॲक्च्युएटरमध्ये आधी कोरडं वंगण वापरायचं ठरलं होतं, ते टिकेना, म्हणून ओलं वंगण आणि ते गरम ठेवणारे हीटर घालावे लागले. भाग वेळेत आले नाहीत, २००९ ची सोयीची वेळ हुकली, यान नोव्हेंबर २०११ मध्ये गेलं. या पुढे ढकलण्याचाच खर्च सुमारे ४० कोटी डॉलर, आणि एकूण खर्च १.६ वरून २.५ अब्जांवर. इनसाइट यानाला फ्रान्सच्या भूकंपमापकाच्या निर्वात गोळ्यातली गळती नडली : २०१६ चं उड्डाण २०१८ वर गेलं, १५.३८ कोटी डॉलर वाढले.

सगळ्यात महाग मात्र मुद्दाम ढकललेलं काम. २०१० मध्ये जॉन कसानी यांच्या समितीने वेबबद्दल सांगितलं की तंत्रज्ञान उत्तम चाललं आहे, दोष अंदाजपत्रकात आणि व्यवस्थापनात आहे. हाताशी राखीव निधी पुरेसा नव्हता, म्हणून यंदा अडलेलं काम पुढच्या वर्षावर टाकलं जाई. असं ढकललेलं काम, त्यावर अवलंबून असलेली कामं धरून, दुप्पट-तिप्पट महाग पडतं. सुरुवातीच्या दोन वर्षांत राखीव निधी कापणारा अधिकारी कागदावर काटकसरी दिसतो. आमच्या मते वेबच्या खर्चाची खरी गोष्ट तिथेच आहे, नटांची गोष्ट नंतरची.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेत शिकवते. खर्च वाढला हे दडवायला अशा प्रकल्पांत कोणते मार्ग वापरले जातात आणि ते पकडायचे कसे?
(एक वाचक, सोलापूर)

आधी नियम पाहू, कारण दडवण्याची गरज नियमामुळेच पडते. अमेरिकेच्या कायद्यानुसार विकासखर्च बेसलाइनपेक्षा १५ टक्क्यांनी वाढतो किंवा मुदत सहा महिन्यांनी लांबते, तेव्हा काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवावं लागतं. ३० टक्के ओलांडले तर नव्याने मंजुरी घ्यावी लागते, नाहीतर पैसा थांबतो. साहजिकच आकडा १४ किंवा २९ वर येऊन थबकलेला दिसला की कान टवकारावेत.

चांद्रमोहिमेसाठीच्या एसएलएस प्रक्षेपकाचं उदाहरण तुमच्या विद्यार्थ्यांना देण्यासारखं आहे. २०१४ ची बेसलाइन : विकासखर्च सुमारे ७ अब्ज डॉलर, उड्डाण नोव्हेंबर २०१८. सरकारी लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये दाखवलं की नासाने वाढ १४.७ टक्के सांगितली, पण मधल्या काळात ७८.२ कोटी डॉलरचा खर्च पहिल्या उड्डाणातून काढून पुढच्या उड्डाणांच्या नावे टाकला होता आणि बेसलाइन मात्र कमी केली नव्हती. वाटीतून पीठ काढलं, वजनकाट्यावरचं माप तसंच ठेवलं. माप सारखं केलं तेव्हा वाढ निघाली २९ टक्के. उड्डाण झालं १६ नोव्हेंबर २०२२ ला.

पकडायची रीत अशी. दोन लागोपाठच्या वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा आणि एकूण बेरीज न पाहता आधी कामाची यादी ताडून बघा : मागच्या वर्षी असलेली कोणती ओळ यंदा गायब आहे? मग तीच ओळ दुसऱ्या शीर्षाखाली शोधा. जमिनीवरच्या सोयी वेगळ्या खात्यात ठेवण्याची पद्धत जुनी आहे. एसएलएसच्या पुढच्या आवृत्तीसाठीचा दुसरा फिरता प्रक्षेपण मनोरा हा वेगळा प्रकल्प म्हणून मोजला जात होता. २०१९ मध्ये त्याचं कंत्राट ३८.३ कोटी डॉलरचं होतं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नासाच्या महानिरीक्षकांचा अंदाज होता २.७ अब्ज, म्हणजे सातपट. प्रक्षेपकाच्या टक्केवारीत यातला एक डॉलरही दिसत नव्हता, आणि या मनोऱ्याशिवाय ती पुढची आवृत्ती उडणारही नव्हती. म्हणूनच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये सगळं एकत्र करून सांगितलं तेव्हा आर्टेमिस या नासाच्या नव्या चांद्रमोहिमांपैकी पहिल्या चार मोहिमांत एका उड्डाणाचा खर्च ४.१ अब्ज डॉलर निघाला, आणि त्यातही आधीचा विकासखर्च धरलेला नव्हता.

आपल्याकडेही हीच सवय लावून घ्यावी. चांद्रयान-२ चे ९७८ कोटी म्हणजे ६०३ कोटी यानाचे आणि ३७५ कोटी प्रक्षेपणाचे. चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत झालं, ही कौतुकाची गोष्ट आहे. पण त्यात नवा ऑर्बिटर (चंद्राभोवती फिरत राहणारं यान) नव्हता, संपर्कासाठी चांद्रयान-२ चाच ऑर्बिटर कामी आला. ‘तिसरी मोहीम एक तृतीयांशाने स्वस्त’ या वाक्यात ही ओळ नसेल तर वाक्य अपुरं आहे.

प्रश्न : सरळ ठरलेल्या किमतीचं कंत्राट द्यावं, वर एक पैसा नाही. हा उपाय का नाही करत?
(एक वाचक, मडगाव)

करतात, आणि योग्य ठिकाणी तो उत्तम चालतो. २०१४ मध्ये अंतराळवीर ने-आण करण्यासाठी बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरची ठरीव कंत्राटं मिळाली. स्पेसएक्सने मे २०२० मध्ये माणसं नेली. बोइंगचं यान माणसांसह जून २०२४ मध्ये गेलं, सप्टेंबरमध्ये रिकामं परतलं, आणि दीड अब्जाहून जास्त तोटा कंपनीने सोसला. खर्चावर नफा देणाऱ्या कंत्राटात तो करदात्याच्या माथी बसला असता.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ठरीव किमतीतही गळती होते. २०१९ मध्ये महानिरीक्षकांनी दाखवलं की बोइंगला ठरलेल्या किमतीवर २८.७२ कोटी डॉलर जादा द्यायचं कबूल झालं होतं. आणि ही पद्धत चालते ती काय हवं ते पक्कं सांगता येतं तिथेच. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत कुपी नेण्याचं काम १९६० च्या दशकापासून माहीत आहे. अवकाशात उलगडून दुर्बीण उणे दोनशे अंशांखाली ठेवणारी, आधी कोणी न बनवलेली सूर्यछत्री ठरीव किमतीत मागितली, तर कंत्राटदार एक तर किंमत अवाच्या सवा सांगेल किंवा अर्ध्यात सोडून जाईल. वर सांगितलेला प्रक्षेपण मनोरा मात्र पोलादाचा आहे. तो खर्चावर नफा देणाऱ्या कंत्राटाने का बांधावा, याचं पटणारं कारण आम्हाला दिसत नाही.

प्रश्न : खर्च हाताबाहेर गेला तर प्रकल्प मध्येच बंद करणं योग्य का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

झालेला खर्च विसरून पुढे किती लागणार एवढंच पाहावं. जुलै २०११ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने वेबचा निधी शून्य करण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा सुमारे ३ अब्ज खर्च झाले होते. ‘एवढे घातले, आता कसं थांबणार’ हा बचाव चुकीचा होता. प्रश्न होता : आणखी सुमारे पावणेसहा अब्ज देऊन जे मिळेल ते तेवढ्या मोलाचं आहे का? आरशाचं काम तोवर बरंच पुढे गेलं होतं, म्हणजे तांत्रिक जोखमीचा मोठा भाग मागे पडला होता. विकासखर्चावर ८ अब्जांची मर्यादा घालून काँग्रेसने हो म्हटलं. आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो.

मंगळावरचे नमुने परत आणण्याच्या मोहिमेत चित्र उलट होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने ८ ते ११ अब्जांचा अंदाज दिला, आणि एप्रिल २०२४ मध्ये नासाने स्वतःच सांगितलं की ११ अब्ज आणि २०४० पर्यंत थांबणं मान्य करता येणार नाही. कागदावर असतानाच थांबून दुसरी रीत शोधली तर नुकसान कमी होतं.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) होतंय. ते अवकाशात जाणारं नाही, पण आकाशाचंच विज्ञान आहे. त्याच्या खर्चावर आम्ही कशी नजर ठेवावी?
(एक वाचक, हिंगोली)

तुमचा प्रश्न वेळेवर आला आहे, कारण मोजायचं माप आत्ताच नोंदवून ठेवायला हवं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली ती तत्त्वतः मंजुरी. खर्चाला बांधील मंजुरी एप्रिल २०२३ ची : सुमारे २,६०० कोटी रुपये, पूर्ण करण्याचं लक्ष्य २०३०. उद्या कोणी २०१६ च्या चर्चेतला आकडा काढून ‘इतकेपट’ म्हणालं, तर त्याला २०२३ ची तारीख दाखवा. आणि कोणी २०२८ मध्ये सुधारित मंजुरी घेऊन ‘वाढ नाही’ म्हणालं, तरी २०२३ चीच तारीख दाखवा.

अमेरिकेकडून येणारी सुमारे ८ कोटी डॉलरची यंत्रसामग्री वेगळी मोजा. ती आपल्या तिजोरीतून जात नाही, पण ती उशिरा आली किंवा इथली इमारत उशिरा झाली तर ती सांभाळण्याचा खर्च आपला. खर्च वाढण्याची सगळ्यात मोठी शक्यता औंढा नागनाथजवळ जमिनीवर पसरणाऱ्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत आहे. सव्वा मीटरच्या आसपास व्यासाच्या पोलादी नळ्यांत अतिउच्च निर्वात ठेवायचा असतो. एका सांध्यात बारीक गळती राहिली तर ती शोधणं, वेल्डिंग पुन्हा करणं आणि नळी तापवून पुन्हा निर्वात करणं, यात महिने जातात. त्यामुळे वार्षिक अहवालात इमारतीचं बांधकाम किती टक्के झालं हे शोधू नका. किती किलोमीटर नळी जोडून, तपासून, गळतीच्या चाचणीत उत्तीर्ण झाली, तो आकडा दर वर्षी लिहून ठेवा, आणि शेजारी त्या वर्षाचा अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च.